आलं आणि रोख

३ मार्च २०२५, सेंगकांग

आयुष्यभर मी इंजिनरूमचं लॉगबुक लिहिलं. त्यात तेलाचा दाब लिहायचा, पाण्याचं तापमान लिहायचं, आणि कोणाचं डोकं तापलं असेल तर ते लिहायचं नाही. आज ही वही आणली ती नेमकी त्यासाठी. माझं डोकं तापलेलं आहे आणि ते ऐकून घ्यायला घरात कोणी मोकळं नाही. मुलगी मधुरा बुओना व्हिस्टाच्या ऑफिसातून घरी येते तेव्हा तिचा जीव अर्धा झालेला असतो. जावई कामासाठी जकार्तात. नात इरा नऊ वर्षांची. आणि लग्न झाल्यापासून जिला सगळं ऐकवत आलो ती सुमित्रा, माझी बायको, खिडकीपाशी बसून खालून जाणारी बिनड्रायव्हरची छोटी रेल्वे, एलआरटी, बघते आणि "तेच" म्हणते.

तेवढा एकच शब्द उरलाय. जानेवारीत मेंदूचा झटका आला, उजवा हात लुळा पडला. हात आता थोडा हलतो, पण बोलणं गेलं ते गेलंच. चहा हवा का? तेच. नको का? तेच. दुखतंय का? तेच. आपलं बोलणं तिला सगळं समजतं, हे डॉक्टरांनी तपासून सांगितलंय. बाहेर मात्र काही येत नाही. आणि ही बाई कोण, तर पुण्यात निवृत्त होईपर्यंत शाळेत मराठी शिकवलेली, इथे परदेशात मुलीकडे आल्यावर दर रविवारी मराठी मंडळाच्या मुलांना मराठी शिकवणारी. लग्नाआधी मी बोटीवरून पाठवलेली पत्रं ऱ्हस्वदीर्घ सुधारून परत पाठवणारी.

आज डॉक्टर म्हणाले, यापुढे फार सुधारणा धरून चालू नका. असं म्हणाले आणि कॉम्प्युटरकडे वळले. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. मला त्यांचा राग आला, मग स्वतःचा आला, कारण मी "थँक यू" म्हणून बाहेर पडलो.

६ मार्च

मिस लिम नावाची पोरगेलीशी स्पीच थेरपिस्ट आहे. ती सुमित्राला चित्रांची कार्डं दाखवते आणि नावं विचारते. ड्युरियन फळ, छत्री, बस. सुमित्रा ओठ हलवते, कपाळावर आठ्या घालते. तिचे हाल बघवत नाहीत, म्हणून मी सांगून टाकतो.

"अंकल," मिस लिम म्हणाली, "आय आस्क आंटी. नॉट यू."

"तिला सांगता येत नाही म्हणून मी सांगतो."

"सो यू वेट, लॉर. वेट लाँग-लाँग. कॅन?"

मी म्हटलं, कॅन. मुळात मी कोणाचं बोलणं मध्ये तोडत नाही. ऐकण्यावरच माझी नोकरी झाली. पंपाचा आवाज बदलला की मी झोपेतून उठायचो.

घरचा अभ्यास दिलाय: तिच्या भाषेत तिला आवडेल असं काही रोज वाचून दाखवा. इथे मराठीचा थेरपिस्ट कुठून आणणार? तेव्हा तो मीच.

११ मार्च

तिच्या कपाटातून तिच्या आवडत्या कविता काढल्या आणि वाचायला लागलो. दुसऱ्याच कडव्याला तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. डोळ्यांतून पाणी. ज्या ओळी तिला तोंडपाठ, त्या मी समोर बसून वाचतोय आणि तिला म्हणता येत नाहीत. हा शहाणपणा मला आधी सुचायला हवा होता. पुस्तक मिटलं. पुन्हा हे करायचं नाही.

१४ मार्च

आज माझ्या ट्रंकेतून दोन एलादियो निघाले.

हे नाव नीट सांगायला हवं, कारण दुपारी इराने वहीत बघून विचारलं, "आजोबा, व्हाय टू? वन एलादियो नॉट इनफ, इझ इट?" एलादियो एकच. स्पॅनिशमध्ये मोठ्या माणसाच्या नावाआधी जे लावतात ते मराठीत 'डॉन' लिहिलं की गृहस्थ दुबईत लपून बसलेले वाटतात. म्हणून मी उच्चाराप्रमाणे 'दोन' लिहिलं, तर आकडा झाला. असो. दोन एलादियो हे स्पेनच्या एका लहानशा बंदरगावात शाळामास्तर होते आणि तत्त्वज्ञही. आमचा जहाज स्पेनमधल्या विगोच्या गोदीत दुरुस्तीला महिनोन् महिने अडकला होता, तेव्हा कामगारांकडून मी इंजिनरूमपुरतं स्पॅनिश शिकलो आणि त्यांचं एकुलतं पुस्तक विकत घेतलं. का घेतलं, तर बारीक होतं.

प्रश्न एकच: माणसाच्या जगण्याला अर्थ काय? यावर इतर तत्त्वज्ञ उशाला घेता येतील एवढे ग्रंथ लिहितात. यांनी गोष्टी लिहिल्या. प्रस्तावनेत म्हणतात, व्याख्या संपलेल्या वस्तूची करावी. माणूस संपलेला नाही, म्हणून त्याची गोष्टच सांगावी लागते. आणि म्हणतात, सिद्धता पुरी झाली की लोक गप्प होतात, गोष्ट पुरी झाली की बोलायला लागतात. मी इंजिनियर माणूस. अर्थ वगैरे मला कळत नाही, चालतंय की बंद पडलंय एवढं कळतं. पण हे वाचलं आणि डॉक्टरांची पाठ आठवली.

याचं मराठी करीन असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. सुमित्रा म्हणायची, "आधी मराठी तर शिका." आता म्हणणार नाही. तेव्हा उद्यापासून रोज एक पान, स्पॅनिश बघत तोंडानेच मराठी करून, तिच्यासमोर.

१९ मार्च

पहिली गोष्ट तिकीटवाल्याची. समोरच्या बेटावर जाणाऱ्या बोटीची तिकिटं एक माणूस आयुष्यभर विकतो. त्याची खिडकी गावाकडे, पाठ समुद्राकडे. बेटावर तो स्वतः कधी गेलेला नाही. एक दिवस तो दोन एलादियोंना विचारतो, माझ्या जगण्याला काही अर्थ आहे का? तिथून गोष्ट सुरू.

मी रंगात येऊन वाचत होतो. "संध्याकाळ झाली. शेवटचा जहाज आला. तिकीटवाल्याने मोजला आपला गल्ला." सुमित्राने डाव्या हाताने खुर्चीवर थाप मारली. जोरात. चेहरा लाल. मी घाबरून विचारलं, काय झालं? छातीत दुखतंय का? पाणी देऊ? "तेच! तेच!"

पाणी दिलं. तिने ग्लास बाजूला सारला. तिला हे पुस्तक सोसत नाही असं दिसतंय.

२१ मार्च

पुस्तक तिच्या डोळ्यांआड असावं म्हणून कपाटात ठेवलं. तिने मला उशी फेकून मारली. डाव्या हाताने, पण नेम चांगला. शेवटी पुस्तक परत काढलं आणि दोन ओळी वाचल्या तेव्हा शांत झाली. दमली असावी.

२ एप्रिल

शब्द आला! आज शब्द आला!

तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून वाचत होतो, कारण पुढचं पान मला अवघड जात होतं. "शेवटचा जहाज आला" म्हटलं आणि ती थरथरत पुढे झुकली, तोंड वाकडंतिकडं केलं आणि स्पष्ट म्हणाली, "आलं!"

मी पुस्तक टाकून उठलो. आलं! बाईला आल्याचा चहा हवाय, आणि मी आपला इतके दिवस साधा चहा पाजतोय. धावत खाली मार्केटमध्ये गेलो, चांगलं मूठभर आलं आणलं, ठेचून चहा केला. तिने एक घोट घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. कप सरकवला. कदाचित तिखट झाला असेल. पण शब्द आला! मधुराला ऑफिसात फोन केला, ती मीटिंग सोडून बाहेर आली आणि फोनवर रडली. मीही रडलो. लिहून ठेवतो, इथे लिहायला बंदी नाही.

८ एप्रिल

आल्याचा चहा, आल्याची वडी, डाळीत आलं. ती काहीच धड खात नाही. पण वाचताना शब्द मात्र पुन्हा पुन्हा म्हणते. आज तर जहाज म्हणायचा अवकाश, लगेच "आलं!" मिस लिमला सांगितलं. ती खूश. "फूड वर्ड! व्हेरी गुड, आंटी!" तिने मुद्दाम आल्याच्या गड्ड्याचं कार्ड छापून आणलं. सुमित्राने ते बराच वेळ बघितलं, मग सावकाश पालथं घातलं.

१६ एप्रिल

माझं घोडं एका शब्दापाशी अडलंय. स्पॅनिशमध्ये 'सेंतिदो'. त्याचा अर्थ 'अर्थ'. पण विगोत एकेरी वाहतुकीच्या रस्त्याला पण हाच शब्द लावतात, म्हणजे दिशासुद्धा तोच. तिकीटवाला विचारतो, माझ्या जगण्याला सेंतिदो आहे का? आणि दोन एलादियो उलट विचारतात, "कोणत्या सेंतिदोने?" म्हणजे कोणत्या अर्थाने, आणि म्हणजेच तोंड कुणीकडे करून. बिचाऱ्याच्या लक्षात येतं की आपण आयुष्यभर पाठ करून बसलो होतो. सगळी गोष्ट या एका शब्दाच्या खिळ्यावर टांगलेली आहे. खिळा मराठीत ठोकल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

सुमित्रासमोर मोठ्याने एकेक शब्द घालून बघितला. 'अर्थ' म्हटलं तर खिडकीची बाजू सुटते. 'दिशा' म्हटलं तर करिअर मार्गदर्शनाचं शिबिर वाटतं. 'हेतू' म्हटलं की पोलीस पंचनाम्याला आल्यासारखे. प्रत्येक शब्दाला तिची खुर्चीवर थाप. मी म्हटलं, "मग तूच सांग ना बाई, काय म्हणू सेंतिदोला?" आणि लगेच जीभ चावली. जिला बोलता येत नाही तिला असं विचारायचं? ती डोळे मिटून बसली. मला फार वाईट वाटलं.

२३ एप्रिल

दुसरा शब्द. पण आनंद कसा मानू?

सकाळी वाचायला बसण्याआधीच तिने माझी बाही धरली. बराच वेळ धडपडली. मिस लिमची आठवण ठेवून मी थांबलो, म्हणजे थांबत होतोच, पण मधूनमधून मदत करत होतो: "रोटी? रोज? रोग? कोणता रोग?" ती रागाने मान हलवत राहिली आणि शेवटी म्हणाली, "रोख."

"रोख? रोख पैसे?"

बाही ओढली. "रोख!"

मी पाकीट काढलं आणि दहा डॉलरची नोट तिच्या हातात दिली. तिने ती भिरकावली. पन्नासाची दिली. तीही. नोटा सोफ्याखाली गेल्या, त्या मी गुडघ्यावर बसून काढल्या. घराची काळजी लागली असेल का तिला? आपल्या उपचारांना किती खर्च होतोय, असं? मी समजावलं की विमा आहे, मधुरा आहे, काही कमी नाही. तिने कपाळाला हात लावला.

सगळं आयुष्य शब्दांत घालवलेल्या बाईच्या तोंडी आधी खाण्याचा शब्द यावा आणि मग पैशाचा. देवाची थट्टा कशाला म्हणतात ते आज कळलं.

२५ एप्रिल

दिवसभर "रोख, रोख". मी जवळ गेलो की रडते, लांब गेलो की जोराने म्हणते. पुस्तकाकडे बोट दाखवते. म्हणजे त्या तिकीटवाल्याचा गल्ला तिच्या डोक्यात बसलाय. माझंच चुकलं. एका आजारी बाईच्या कानावर रोज हे कठीण तत्त्वज्ञान घालायचं काय कारण होतं? माझी हौस, दुसरं काय. वाचन बंद करायचं ठरवलंय. मधुराला रविवारी सांगतो.

२७ एप्रिल, रविवार

अक्षर वाईट येतंय, येऊ दे.

जेवणं झाल्यावर मधुराला बाजूला घेतलं. सरळ सांगायची हिंमत होईना, म्हणून लांबून सुरुवात केली. आईची तब्येत, पुस्तकाचा ताण, तिकीटवाला, माणसाने वयाप्रमाणे हौस आवरावी, वगैरे. मधुरा वैतागली.

"बाबा, तुमच्या बोलण्याचा रोख मला कळत नाहीये. नेमकं काय म्हणायचंय?"

मी तसाच उभा राहिलो. मधुरा म्हणते मी पांढराफटक पडलो आणि तिला वाटलं, आता बाबांनाही झटका आला.

बोलण्याचा रोख. बोलण्याचा अर्थ. बंदुकीचा रोख, खिडकीचा रोख, तोंड कुणीकडे आहे तो रोख. सेंतिदो! मी विचारलं होतं, तूच सांग, आणि तिने सांगितलं होतं. आणि मी तिला पन्नास डॉलर दिले.

आत गेलो. ती अंथरुणावर टेकून बसली होती. मी विचारलं, "सुमित्रा, माझ्या जगण्याला काही रोख आहे का? असं?"

तिने दोन्ही हात वर केले. उजवासुद्धा, अर्धा. आणि म्हणाली, "तेच!"

त्या शब्दाचा एवढा अचूक उपयोग जानेवारीपासून झाला नव्हता. मी तिच्या पायाशी बसून हसलो, रडलो, नाक पुसलं. मधुरा दारात उभी राहून विचारत होती काय झालं. मी सांगायला लागलो आणि मध्येच माझ्या डोक्यात दुसरा दिवा लागला. "अगं, म्हणजे ते आलं... शेवटचा जहाज आला..."

"आलं!" सुमित्रा ओरडली. "जहाज! आलं!"

जहाज आलं. शेवटचं जहाज आलं. समुद्रावर जन्मभर हिंदी बोललो, जहाजाला पुल्लिंगी करून टाकलं, आणि ती बिचारी व्याकरण सुधारत होती तर मी तिला आठवडेच्या आठवडे आल्याच्या वड्या चारल्या.

३० एप्रिल

मिस लिमला सगळं समजावलं. नपुंसकलिंग इंग्रजीत समजावताना घाम फुटला. तिने टेबलावर डोकं ठेवून हसून घेतलं. मग गंभीर झाली. "सो अंकल, शी वॉज करेक्टिंग यू. ऑल द टाइम." मग म्हणाली, आता तुमचं वाईट मराठी हेच औषध, चांगलं करू नका. मी म्हटलं, ती काळजी नको.

आणि आजच कळलं की तिकीटवाल्याची गोष्ट मराठीत मुळापेक्षा सरस झाली. "माझ्या जगण्याला काही रोख आहे का?" असं गल्ल्यावर बसलेला माणूस विचारतो. दोन एलादियो म्हणतात, "रोख तुमच्याकडे भरपूर आहे. तो कुणीकडे आहे तेवढं बघा." पैसाही आला, दिशाही आली, अर्थही आला. स्पॅनिशला हे जमलं नव्हतं. माझ्या बायकोला जमलं, तेही एका शब्दात, कारण दुसरा तिच्याकडे नव्हता.

२२ मे

शब्द येताहेत. चुकीला थाप, आणि थापेमागून शब्द. "ती." "खिडकी." "वेढ." 'ओढून घेतलं' नाही, 'वेढून घेतलं' असं. आज पहिल्यांदा दोन शब्द जोडून आले. मी स्पॅनिशच्या चालीवर म्हटलं, "तिकीटवाल्याने पाहिला समुद्र." ती म्हणाली, "क्रियापद... शेवटी." इंग्रजी शाळेतल्या इराने हे ऐकलं आणि आता घरभर ओरडत फिरते, "क्रियापद शेवटी, ला!"

१२ जून

ताप आला आणि सगळं गेलं. हॉस्पिटलात ठेवावं लागलं. काल घरी आणली. पुस्तक उघडलं, मुद्दाम म्हटलं, "शेवटचा जहाज आला." तिने माझ्याकडे बघितलं. "तेच," म्हणाली. हळू, पहिल्यासारखं.

माझा धीर सुटला. व्याख्या संपलेल्याची करावी वगैरे लिहायला ठीक आहे. दोन एलादियोंची बायको कधी मुकी झाली होती का? मी खाली कॉफीशॉपमध्ये जाऊन नुसता बसलो. कोपी, म्हणजे इथली कॉफी, गार झाली. वर जायची भीती वाटत होती, हे खरं आहे आणि ते मी लिहितोय.

२० जून

"आलं," आज म्हणाली. आवाज बारीक, पण नाक मुरडून. मी मुद्दाम विचारलं, "चहात घालू का?" तिने उशी उचलली. आमच्या घरात इतका आनंद कधी झाला नव्हता.

१९ जुलै

सविताचा फोन आला. ही तोआ पायोहच्या कम्युनिटी क्लबमध्ये मराठी वाचनकट्टा चालवते. सुमित्राबरोबर रविवारचा वर्ग घ्यायची. म्हणाली, "शामकांतराव, तुमचा तिकीटवाला ऑगस्टमध्ये आमच्याकडे वाचा. वहिनींनाही घेऊन या." मी म्हटलं, मी येतो, तिला जमणार नाही, लोकांसमोर तिला लाज वाटेल. फोन ठेवला तर सुमित्रा समोर उभी, काठी टेकत.

"मी," म्हणाली. बराच वेळ गेला. मी तोंड उघडलं, मिटलं. "येणार."

मधुराचं म्हणणं, आईला त्रास होईल असं तुम्हाला वाटतं, का तुम्हाला होईल असं? मुलींना काही कळत नाही.

१८ ऑगस्ट

काल झालं. सकाळी उठल्या उठल्या लिहितोय, नाहीतर रंग चढवून लिहीन.

राष्ट्रीय दिनाचे लाल-पांढरे झेंडे अजून बाल्कन्यांतून लोंबत होते. क्लबची खोली भरली होती. बहुतेक सुमित्राला ओळखणारे. तिच्या वर्गातली पोरं आता उंच झालेली, तीही आलेली. सगळ्यांच्या चेहऱ्यावर ते दवाखान्यात भेटायला येताना असतं तसं हसू. मला ते आवडलं नाही. तिला पहिल्या रांगेत बसवलं.

मी वाचलं. तिने सुधारलेलं प्रत्येक वाक्य वाचलं. "रोख तुमच्याकडे भरपूर आहे" याला खोली हसली आणि "तो कुणीकडे आहे तेवढं बघा" याला गप्प झाली. शेवटचं जहाज आलं, नपुंसकलिंगी. टाळ्या पडल्या. आणि मग दोन एलादियोंनी म्हटलं होतं तसंच झालं, लोक बोलायला लागले. कोणी स्वतःच्या नोकरीबद्दल, कोणी पुण्यात एकट्या राहणाऱ्या आईबद्दल. एकाने सांगितलं, माझीही खिडकी उलटीकडे आहे. कार्यक्रम भलतीकडेच गेला आणि फार सुंदर गेला.

तेवढ्यात सुमित्राचीच एक जुनी विद्यार्थिनी उठली, जाई नावाची. ती सरळ तिच्याकडे वळली.

"बाई, तुमचे शब्द गेले, तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?"

खोलीत एकदम थंडी पडली. असलं कोणी विचारतं का? मी माइक तोंडाशी नेला. "त्याचं असं आहे, की..."

"थांबा," सुमित्रा म्हणाली. मला म्हणाली. "मी सांगते."

काठीवर भार देऊन उठली. सविता पुढे आली, तिला सुमित्राने हातानेच बस म्हटलं. मग सुरुवात केली.

"शब्द... गेले. तेव्हा मला..."

आणि अडली.

ओठ हलत होते, मान हलत होती. मला तो शब्द माहीत होता. भीती. भीती वाटली. झटका आला त्या दिवसापासून मी तिची भीतीच तर सांभाळत होतो, पाणी देत, उशा लावत, पुस्तकं लपवत. शब्द माझ्या जिभेवर आला होता, नुसता पुढे सरकवायचा. सगळी खोली माझ्याकडे बघत होती, कोणीतरी या बाईला सोडवा अशा नजरेने. मी माइक टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी टेबल धरून बसलो. इतकं कठीण काम मी समुद्रावर केलेलं नाही.

"राग," ती म्हणाली.

मला वाटलं चुकून वेगळा शब्द आला. ती पुन्हा म्हणाली, अजून मोठ्याने. "राग आला. फार राग आला. भीती नाही." माझ्याकडे बोट केलं, उजव्या हाताचं. "यांचा. माझं वाक्य... हे पुरं करतात." एक श्वास घेतला. "चुकीचं."

क्रियापद खाऊन टाकलं होतं. मी ते पुरवलं नाही.

खोलीत हशा आणि टाळ्यांचा एकच कल्लोळ झाला. जाई रडता रडता हसत होती, सविता टाळ्या वाजवत होती, इरा खुर्चीवर चढून "आजी! आजी!" करत होती आणि मधुराने तोंड ओढणीत लपवलं होतं. आणि मी? जिला मी घाबरलेली समजत होतो ती इतके महिने आतून भांडत होती, माझ्याशी, त्या डॉक्टरांशी, स्वतःच्या जिभेशी, आणि भांडून परत आली होती. मला इतका अभिमान वाटला की मी रुमालात तोंड खुपसलं. लोकांना वाटलं मला वाईट वाटलं. एक जण पाठीवर थोपटून गेले.

ती बसली नाही. टाळ्या थांबेपर्यंत वाट बघितली आणि म्हणाली, "अजून आहे." आणि आणखी बोलली, अडत, खोडत, मागे जाऊन लिंग सुधारत. कोणी तिला मदत केली नाही. मदत करायची नसते हे सगळ्यांना एकदम कळलं होतं.

परत येताना इथल्या धोबी घाट नावाच्या स्टेशनवर गाडी बदलली. गर्दीत तिला जागा मिळाली, मी समोर उभा. विचारलं, "दमलीस?"

"हो," म्हणाली. "पण तुमचं वाचन..." आणि सुरू झाली. कुठे घाई केली, कुठे आवाज पडला, कुठे उगाच नाटकी झालो. सेंगकांग येईपर्यंत बोलत होती, मध्ये शब्द शोधत, कधी कधी दोन-दोन स्टेशनं शोधत. मी तिचं एकही वाक्य पुरं केलं नाही.